घड्याळावरची जागा

वकिलीच्या व्यवसायात बोलण्याची सवय लवकर लागते. ऐकणाऱ्याच्या जागी बसून पाहण्याची सवय मात्र लागतेच असे नाही. आमचा हा दोष आमच्या पदरात घातला तो एका वृद्ध पक्षकार बाईने. शेजारच्या सांडपाण्याचा पाझर आपल्या विहिरीत येतो, असा तिचा दावा होता. पाण्याचे पृथक्करण करणारे रसायनतज्ज्ञ साक्षीस उभे राहिले. गृहस्थ विद्वान आणि प्रामाणिक. तासभर त्यांनी क्षारांची प्रमाणे सांगितली, जंतूंची लॅटिन नावे उच्चारली, मान्य मर्यादांचे आकडे वाचून दाखविले. न्यायाधीशांनी सर्व टिपून घेतले, उलटतपासणीत साक्ष कोठे ढळली नाही, आणि आम्ही समाधानाने कागद आवरले. बाहेर व्हरांड्यात येताच, सगळा वेळ मागच्या बाकावर स्तब्ध बसलेल्या त्या बाईने आम्हांस हळूच विचारले, "वकीलबाब, तें उदक पियेवंक जाता काय ना?"

आम्ही निरुत्तर झालो. तासभर तिच्याच विहिरीविषयी बोलणे चालले होते आणि तिला जी एकच गोष्ट हवी होती ती तेवढी तिच्या कानी पडली नव्हती. साक्षीदाराकडे याचा दोष जातो असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना जे विचारले त्याचे उत्तर त्यांनी दिले. विचारणारे आम्ही होतो, आणि त्या बाईला विसरलो होतो तेही आम्हीच.

कायद्याचे एक तत्त्व असे की न्यायालयाचे काम उघड्या दरवाजाने चालले पाहिजे. परंतु दरवाजा उघडा असणे आणि आत चाललेले समजणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. शास्त्राच्या बाबतीत तर हे अंतर फारच मोठे. ज्ञान चारचौघांत बोलले गेले म्हणजे ते चारचौघांचे झाले काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून राहिला. त्याच्या मागोमाग वाचन करता करता आम्ही येऊन पोचलो ते लंडन शहरातील एका सभागृहापाशी. शास्त्र लोकांस सांगण्याच्या कलेचा दोन शतकांचा इतिहास त्या एका वास्तूत जवळजवळ सगळा सामावलेला आहे. त्यातील थोरवीही, आणि लाजिरवाणा भागही.

1799 सालच्या मार्च महिन्यात लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेची स्थापना झाली. तिचा मुख्य प्रवर्तक काउंट रम्फोर्ड. हा जन्माने अमेरिकन, किताबाने बव्हेरियाचा सरदार, आणि म्यूनिक शहरात गोरगरिबांसाठी सूपगृहे व काटकसरीच्या चुली काढून नाव मिळविलेला. उपयुक्त यंत्रांची माहिती सर्वत्र पसरावी, आणि शास्त्राचा रोजच्या जीवनात उपयोग कसा करावा हे व्याख्याने व प्रयोग यांच्या द्वारे लोकांस शिकवावे, हा संस्थेचा उद्देश. आल्बेमार्ल स्ट्रीटवरील एक जुने घर घेऊन तेथे अर्धवर्तुळाकार सभागृह बांधण्याचे काम टॉमस वेब्स्टर या वास्तुकाराकडे आले. वेब्स्टरची कल्पना अशी की वरच्या सज्जात कारागीर मंडळींनी बसावे. आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून जाण्याचा संकोच त्यांना पडू नये म्हणून रस्त्यावरून थेट सज्जात चढणारा एक दगडी जिनाही बांधण्यात आला.

हा जिना फार दिवस टिकला नाही. फ्रान्समधील राज्यक्रांतीची धास्ती इंग्लंडातील मालदार वर्गाच्या मनातून अद्याप गेलेली नव्हती. खालच्या वर्गास शास्त्र शिकविण्यात तुझा हेतू तरी काय, असे आपणांस उद्धटपणे विचारण्यात आल्याचे वेब्स्टरने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. ही योजना राजकीयदृष्ट्या धोक्याची ठरली, ती गाजावाजा न करता गुंडाळावी असे ठरले, आणि जिना पाडून टाकण्यात आला. ज्यांनी हे केले ते शास्त्राचे वैरी नव्हते, आश्रयदाते होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्यांना ज्ञानाचा प्रसार हवा होता; कोणापर्यंत, एवढ्यापुरतीच त्यांची हरकत होती.

सज्जा मात्र राहिला.

या सभागृहात पहिल्या काही वर्षांतच दोन व्याख्याते उभे राहिले. दोघेही असामान्य बुद्धीचे. टॉमस यंग याने प्रकाश हा लहरींच्या रूपाने चालतो याचा भक्कम पुरावा पुढे आणला. इजिप्तच्या प्राचीन लिपीचा उलगडा करण्यातही त्याचा वाटा मोठा. 1802 सालापासून त्याने येथे जी व्याख्याने दिली ती 1807 साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली, आणि विद्वानांनी ती डोक्यावर घेतली. परंतु समोर बसलेल्या श्रोत्यांचे काय? यंगच्या एका वाक्यात दहा वाक्यांचा मजकूर दाटलेला असे. तो उलगडून घेण्यास जो अवकाश हवा तो श्रोत्याला मिळत नसे. श्रोते ओसरू लागले आणि 1803 साली यंगने ते पद सोडले.

दुसरा हम्फ्री डेव्ही. 1801 साली तो येथे आला तेव्हा अवघा 22 वर्षांचा होता. रूप देखणे, वाणी ओघवती, आणि प्रयोग असे की धूर, ठिणग्या व स्फोट यांनी सभा थरारून जावी. त्याच्या व्याख्यानास इतक्या घोडागाड्या लोटू लागल्या की आल्बेमार्ल स्ट्रीटवरील रहदारी एकाच दिशेने सोडणे भाग पडले. स्त्रियाही मोठ्या संख्येने येत. यंग हरला आणि डेव्ही जिंकला, असा निकाल येथे कोणीही सहज देईल.

पण या निकालावर अपील दाखल केले ते श्रोत्यांतीलच एका स्त्रीने. जेन मार्सेट हे तिचे नाव. डेव्हीची व्याख्याने ऐकून ती दिपून जाई, आणि घरी आल्यावर पाहते तो हाती फारसे काही लागलेले नसे. प्रयोगामागून प्रयोग इतक्या वेगाने डोळ्यांपुढून सरकत की एकाचा अर्थ लागण्यापूर्वीच दुसरा पुढे येई. पुढे एका स्नेह्याशी त्याच विषयावर निवांत बोलणे झाले, मध्येच थांबवून शंका विचारता आली, तेव्हा तिला विषय उमगला. यावरून तिने ताडले की आपल्यासारख्या आणखी कितीतरी जणी असतील. 1805 सालच्या सुमारास तिने रसायनशास्त्रावर संवादरूपाने एक पुस्तक लिहिले. एक शिक्षिका आणि दोन विद्यार्थिनी. त्यांतली एक उतावळी, दुसरी विचारी. मुली शंका काढतात, चुकतात, कंटाळतातही, आणि शिक्षिका त्यांच्या चुकीपासूनच पुढे चालू लागते. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. स्त्रीने रसायनशास्त्रावर लिहावे, ही गोष्ट तिलाच प्रौढीची वाटत असावी. ते हातोहात खपले, आणि त्याच्या आवृत्त्या पुढे 1853 सालापर्यंत निघत राहिल्या.

अशा पुस्तकांचा प्रवास कोठून कोठे होईल हे सांगता येत नाही. लंडनमधील रिबो नावाच्या पुस्तकबांधणीवाल्याच्या दुकानात ते एका उमेदवाराच्या हाती पडले. त्याचे नाव मायकेल फॅरडे. बाप लोहार, घरची गरिबी, शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरते. 1805 सालापासून तो सात वर्षांच्या कराराने दुकानात काम शिकत होता, आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके बांधण्यापूर्वी वाचीत होता. मार्सेटबाईंनी पुस्तकात जे सांगितले ते खरे की खोटे, हे त्याने आपल्या ऐपतीत बसतील तेवढे प्रयोग करून पडताळून पाहिले. ते खरे ठरले, आणि आता आपल्या पायांखाली टणक जमीन आहे असा भरवसा त्याला आला. या बाईंचे ऋण तो अखेरपर्यंत मानीत असे. पुढे कीर्ती मिळाल्यावर आपले निबंध तो त्यांना आवर्जून पाठवी.

टेटम नावाच्या गृहस्थाच्या घरी दर खेपेस एक शिलिंग घेऊन शास्त्रीय व्याख्याने होत. लोहारकाम करणाऱ्या थोरल्या भावाने पदरचे शिलिंग देऊन फॅरडेला तेथे धाडले. पुढे 1812 साली दुकानाच्या डान्स नावाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. आल्बेमार्ल स्ट्रीटवरील त्या सभागृहात वरच्या सज्जात, घड्याळाच्या वर, हा 20 वर्षांचा पोरगा जाऊन बसला. कारागिरांसाठी बांधलेला जिना केव्हाच नाहीसा झालेला होता. ज्याच्यासाठी तो बांधला होता तो माणूस मात्र एका परक्याच्या चांगुलपणामुळे वर पोचला. ऐकलेले सर्व त्याने सुवाच्य लिहून काढले, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्याचे पुस्तक बांधले आणि त्या वर्षाच्या अखेरीस डेव्हीकडे पाठविले. 1 मार्च 1813 रोजी तो त्या संस्थेत प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून रुजू झाला. आठवड्याला 25 शिलिंग पगार आणि माडीवर राहावयास जागा.

येथून पुढे फॅरडेच्या शोधांची कथा सुरू होते. विजेची मोटार, विद्युत्जनित्र, चुंबकाची बलरेषा, यांपैकी काहीतरी प्रत्येक वाचकाने शाळेत ऐकलेले असेल. आमचा विषय तो नाही. आम्हांस नवल वाटते ते याचे की नोकरीस लागून तीन महिने झाले नाहीत तोच, 1813 सालच्या जून महिन्यात, या तरुणाने ॲबट नावाच्या आपल्या मित्राला व्याख्यानकलेवर लांबलचक पत्रे लिहिली. स्वतः त्याने तोवर एकही व्याख्यान दिलेले नव्हते. पण टेबलाशी उभे राहून व्याख्यात्यांना साहित्य देत असता त्याचे लक्ष श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे असे.

त्या पत्रांतील विचार आजही शिळे झालेले नाहीत. आरंभ तो वक्त्यापासून करीतच नाही, खोलीपासून करतो. सभागृहाचा आकार कसा असावा, हवा खेळती आहे काय, दाटीवाटीत गुदमरलेल्या माणसाचे चित्त विषयावर कसे राहील, येण्याजाण्याच्या वाटा सोयीच्या आहेत काय, याचा तो आधी विचार करतो. मग दृष्टीचा. डोळ्यांनी पाहिलेले कानांनी ऐकलेल्यापेक्षा मनात लवकर उतरते. म्हणून आकृत्या मोठ्या व स्पष्ट हव्यात, आणि टेबलावरील उपकरणांनी वक्त्याला किंवा प्रयोगाला झाकता कामा नये. त्यानंतर वक्ता. त्याने टेबलाला चिकटून किंवा जमिनीत रोवल्यासारखे उभे राहू नये. श्रोत्यांकडे पाठ फिरवू नये. घाई करू नये. हाती टाचण असावे, पण ते वाचीत बसू नये. एका तासापलीकडे बोलू नये. आणि टाळीसाठी लाचार होऊ नये. ज्या क्षणी वक्ता वाहवा मागू लागतो त्या क्षणी तो आपल्या जागेवरून घसरतो.

खोली, हवा, वाट, नजर, वेळ आणि सर्वांत शेवटी वक्ता, या क्रमातच आमच्या मते फॅरडेची सगळी शिकवण आली. वक्तृत्वाचे ग्रंथ साधारणतः उलट क्रमाने चालतात. हा क्रम ज्याला सुचला तो माणूस सज्जात बसलेला होता. खालून येणारे शब्द वरपर्यंत पोचतात की नाही, समोरच्याच्या टोपीआड प्रयोग दडतो की काय, हे त्याने स्वतः अनुभवलेले होते.

फॅरडे हा जन्मजात वक्ता होता अशी समजूत आढळते. आम्हांस ती मान्य नाही, कारण पुरावा विरुद्ध आहे. 1818 साली त्याने स्मार्ट नावाच्या वक्तृत्वशिक्षकाची व्याख्याने एकेका बैठकीस अर्धी गिनी देऊन ऐकली. त्याच्या मिळकतीच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. त्या व्याख्यानांची त्याने शंभरावर पाने टिपणे काढली. पुढे स्वतः व्याख्याने देऊ लागल्यावर त्याच शिक्षकाला तो आपल्या सभेत बसवी, आणि आपले दोष नंतर त्याच्याकडून ऐकून घेई. आपण भरभर बोलतो हे त्याला ठाऊक होते. म्हणून 'सावकाश' असे ठळक अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा समोर ठेवलेला असे. तो दृष्टिआड होऊन वाणी धावू लागली की अँडरसन या त्याच्या मदतनीसाने पुठ्ठा पुढे सरकवावा, अशी ताकीद होती. तास संपत आला की 'वेळ' असे लिहिलेला दुसरा पुठ्ठा येई. युरोपभर गाजलेला शास्त्रज्ञ भर सभेत आपल्या मदतनीसाचा पुठ्ठा पाहून थांबतो, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्यापैकी किती वकील, किती प्राध्यापक, किती पुढारी असा पुठ्ठा आपणहून समोर ठेवून घेतील?

1820 नंतरच्या दशकात या संस्थेत दोन उपक्रम सुरू झाले आणि ते आजही चालू आहेत. एक, सभासद व त्यांचे पाहुणे यांच्यासाठी शुक्रवारच्या संध्याकाळची व्याख्याने. दुसरा, 1825 सालापासून मुलांसाठी नाताळची व्याख्याने. फॅरडेने या नाताळच्या 19 मालिका दिल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मालिका मेणबत्तीवरची. ती त्याने प्रथम 1848 साली आणि पुन्हा 1860–61 च्या नाताळात दिली. दुसऱ्या खेपेची सहा व्याख्याने विल्यम क्रुक्सने 1861 साली पुस्तकरूपाने छापली, आणि ते पुस्तक आजही वाचले जाते.

विषय म्हणून मेणबत्ती का निवडली असेल? श्रीमंताच्या झुंबरात आणि गरिबाच्या खोपटात सारखीच असणारी वस्तू ती. तिच्याविषयी आपणांस काही ठाऊक नाही असे म्हणणारा माणूस सापडावयाचा नाही. म्हणून तिच्यापासून सुरुवात केली की कोणीच मागे राहत नाही. फॅरडे प्रथम निरनिराळ्या मेणबत्त्या दाखवी. चरबीच्या, देवमाशाच्या मेणाच्या, मधमाशीच्या मेणाच्या. जपानहून आलेलीही एक. 'रॉयल जॉर्ज' हे जहाज 1782 साली बुडाले, त्यातून अर्ध्या शतकाहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात राहून वर आलेली एक मेणबत्तीही त्याने पेटवून दाखविली. मग तो ज्योतीकडे वळे. ज्योतीवर कागद आडवा दाबला तर करपल्याचे वर्तुळ उमटते, मध्ये कागद कोरा राहतो. म्हणजे ज्योत आतून जळत नाही. त्या काळोख्या गाभ्यात काचेची वाकडी नळी धरली की मेणाची वाफ नळीतून बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाशी पेटवता येते. थंड भांडे ज्योतीवर धरले की त्याच्या बुडाशी पाण्याचे थेंब जमतात. आगीतून पाणी निघाले! जळून झालेल्या हवेने चुन्याची निवळी दुधाळ होते, आणि मुलाने नळीतून फुंकलेल्या श्वासानेही तशीच दुधाळ होते. सहाव्या व्याख्यानाच्या शेवटी श्रोत्याला उमगते की आपल्या छातीत जे चालले आहे ते आणि मेणबत्तीत जे चालले आहे ते एकाच जातीचे आहे.

या रचनेत वकिलाच्या नजरेस येणारी गोष्ट अशी. फॅरडे श्रोत्याला साक्षीदार करतो. 'मी सांगतो म्हणून मान' असे न म्हणता 'तू पाहिलेस ना? मग तूच सांग' असे तो म्हणतो. बहुतेक प्रयोग मुलांनी घरी जाऊन करावेत असेच होते, आणि तसे करा म्हणून तो त्यांना सुचवीतही असे. मुलांपुढे बोलताना आपण मूल होऊन बोलण्याची मोकळीक घेतो, असेही त्याने आरंभी सांगून टाकले होते. खाली वाकून बोलणे आणि शेजारी बसून बोलणे यांतील फरक त्याला कळत होता.

तथापि एकाच बाजूचा पुरावा मांडून थांबणे योग्य होणार नाही. 1853 साली लंडनमध्ये मेज फिरविण्याचे वेड पसरले. मेजाभोवती बसून सर्वांनी हात टेकवावेत आणि मेज आपोआप फिरू लागावे. कोणी म्हणे ही वीज, कोणी म्हणे भुते. फॅरडेने दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घालून एक साधे उपकरण केले आणि त्याला गवताच्या काडीचा लांब काटा जोडला. हात मेजाला ढकलतात की मेज हातांना ओढते, ते काट्यावरून दिसे. हातच मेजाला ढकलीत होते, नकळत. आणि बसणाऱ्यांना काटा दिसू लागताच मेज फिरेनासे झाले. त्याने हे वृत्तपत्रातून जाहीर केले. लोकांनी वाचले, आणि पुष्कळांनी मेजे फिरविणे चालूच ठेवले. या लोकांत त्याच्या व्याख्यानांस येणारी सुशिक्षित मंडळीही असणार, हे त्याला कळून चुकले. 1854 साली त्याने मनाच्या शिक्षणावर जे व्याख्यान दिले त्यात ही खंत स्पष्ट दिसते. सभा रमली म्हणजे सभा शिकली असे नव्हे. उत्तम वक्त्यालाही हे औषध कडू लागते, पण ते घेतल्यावाचून त्याला इलाज नाही.

आणि सज्जाचे काय? फॅरडेच्या काळातही ते सभागृह तिकिटाचे आणि ओळखीपाळखीचेच राहिले. 1855 सालच्या नाताळात समोरच्या रांगेत युवराज बसले होते, त्याचे चित्रही काढलेले आहे. परंतु एखाद्या लोहाराचा मुलगा त्या दिवशी घड्याळावर बसला होता काय, ते चित्रावरून कळत नाही. स्त्रिया पहिल्यापासून श्रोत्यांत होत्या, मार्सेटबाईंच्या पुस्तकाने फॅरडेला वाट दाखविली. तरी नाताळची व्याख्यानमाला देण्यास पहिली स्त्री उभी राहिली ती 1994 साली, सुसान ग्रीनफिल्ड. मधे 169 वर्षे गेली. कामकऱ्यांसाठी शास्त्र सांगण्याचे काम इतरांनी केले. टॉमस हक्सलीने 1868 साली नॉरिच येथे कामगारांपुढे खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिले. सुताराच्या खिशातल्या त्या खडूपासून आरंभ करून त्याने त्यांना प्राचीन समुद्राच्या तळापर्यंत नेले. खडूची ही वाट मेणबत्तीच्या वाटेहून वेगळी नव्हे; ती फक्त त्या पाडलेल्या जिन्यावरून वर गेली.

आमच्या भागात या कलेचा आरंभ कधी झाला असे वाचक विचारतील. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दिग्दर्शन' हे मासिक 1840 सालचे. आणि ज्या 1848 साली फॅरडेने मेणबत्तीवर प्रथम व्याख्याने दिली, त्याच साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखांत देशी भाषांतून व्याख्याने होऊ लागली, आणि दुसऱ्याच वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा काढून स्वतः बिनपगारी शिकविले. त्याच 1848 साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीही मुलींची शाळा काढली. लंडनमध्ये जिना दगडाचा होता. आमच्याकडे भाषा, जात आणि घरचा उंबरठा अशा तीन जिन्यांचे काम एकदम काढावे लागले, आणि ते पुरे झाले असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. 1966 साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्था ते आजही करीत आहेत. या मासिकाच्या दोन भाषांच्या वाचकांस तर वेगळे सांगावयास नको की, घरात एक बोली, शाळेत दुसरी भाषा आणि कचेरीत तिसरी, अशी ज्याची स्थिती, त्याला शास्त्र समजत नाही असे ठरवून मोकळे होणे फार सोपे असते.

आता व्हरांड्याकडे परत जाऊ. तेथील हकीकत अर्धीच सांगितली आहे.

बाईचा प्रश्न ऐकून आम्ही साक्षीदार गृहस्थांना गाठले. ते गाडीत बसण्याच्या बेतात होते. प्रश्न सांगताच ते क्षणभर ओशाळले, मागे आले, आणि व्हरांड्याच्या बाकावर बाईच्या शेजारी बसले. मग अस्सल कोकणीत, एकही आकडा न उच्चारता, त्यांनी तिला सांगितले की हे पाणी पिऊ नये. घराखालचा जांभा दगड स्पंजासारखा सच्छिद्र कसा असतो, वरच्या अंगाचे सांडपाणी त्यातून विहिरीत कसे झिरपते, आणि पाणी नितळ दिसले म्हणून निर्मळ का नसते, हे पाच मिनिटांत समजावून दिले. ही विद्या त्यांच्यापाशी सकाळपासून होतीच. ती मागण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

बाईने ऐकून घेतले, थोडा विचार केला आणि विचारले की पावसात विहीर काठोकाठ भरते, तेव्हा हा पाझर वाढतो की कमी होतो?

तज्ज्ञ गृहस्थ गप्प झाले. पाण्याचा नमुना एकदाच, उन्हाळ्यात घेतलेला होता. प्रतिपक्षाच्या वकिलाला उलटतपासणीत हा प्रश्न सुचला नव्हता, आम्हांलाही तयारी करताना सुचला नव्हता. त्या आषाढात विहिरीचे पाणी पुन्हा तपासावयास पाठविले, ते त्या बाईच्या सांगण्यावरून.